स्प्रिंगांतला घुमारा

व्हॉल्व्हच्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधला रिव्हर्ब म्हणजे पत्र्याच्या चपट्या पेटीत ताणून बसवलेल्या दोन स्प्रिंगा. गिटारचा सूर विजेच्या रूपाने या पेटीच्या एका टोकाशी येतो, स्प्रिंगांना बारीक पीळ देत दुसऱ्या टोकाला पोचतो, तिथून काही अंशी माघारी फिरतो, पुन्हा येतो आणि अशा येरझाऱ्या घालत तीन-चार सेकंदांत विरून जातो. हा विरत जाणारा सूर मूळ सुरात मिसळला, की लहानशा खोलीत वाजणारी गिटार दगडी गाभाऱ्यात वाजल्यासारखी घुमते. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन या गावी फेंडर कंपनीने १९६३ ते १९६७ या काळात बनवलेले ‘ट्विन रिव्हर्ब’, ‘डिलक्स रिव्हर्ब’, ‘सुपर रिव्हर्ब’ आणि ‘प्रिन्स्टन रिव्हर्ब’ हे अ‍ॅम्प या प्रकारचे मानदंड ठरले. साठ वर्षांनंतरही ते मंचावर आणि स्टुडिओत रोज वाजतात. ते वाजतात, कारण ते उघडून दुरुस्त करता येतात. आणि दुरुस्त करता येतात, कारण त्यांची मांडणी मुळात एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने केली.

या यंत्राचा पाया व्हॉल्व्ह. १९०४ साली ब्रिटनमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी निर्वात काचेच्या नळीत तापलेली तार आणि तिच्यासमोर धातूची पट्टी बसवून वीज एकाच दिशेने वाहू देणारी रचना तयार केली. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्या दोहोंच्या मध्ये तारेची जाळी घातली. जाळीवरच्या विद्युतदाबात अगदी क्षीण चढउतार झाला तरी पट्टीकडे जाणाऱ्या प्रवाहात मोठा चढउतार होतो. व्हॉल्व्ह या शब्दाचा अर्थ झडप, आणि ते नाव चपखल आहे. हलक्या बोटाने तोटी फिरवावी आणि मोठा नळ कमीजास्त व्हावा, तसे हे काम. टेलिफोनचे दूरचे बोलणे, रेडिओ, बोलपट आणि सभांचे ध्वनिवर्धक या सगळ्यांचा डोलारा पुढची चाळीस-पन्नास वर्षे याच जाळीवर उभा राहिला.

गिटारला विजेची गरज भासली ती बँडमध्ये. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या गदारोळात तिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही जात नसे. १९२०च्या दशकात अमेरिकेत हवाईयन गिटारचे वेड पसरले. मांडीवर आडवी ठेवून धातूच्या कांडीने वाजवायचे हे वाद्य पुढे हिंदी चित्रपटसंगीतातही स्थिरावले. त्याचा लांबणारा, घसरत जाणारा सूर मोठा करण्यासाठी जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी लॉस एंजेलिसमध्ये तारांखाली चुंबक आणि वेटोळे बसवलेली गिटार बनवली आणि १९३२ साली ती बाजारात आणली. १९३६ मध्ये गिब्सनने आपली विजेची गिटार जोडीच्या अ‍ॅम्पसह विकायला काढली. हे सुरुवातीचे अ‍ॅम्प म्हणजे स्टेशन लावायची सोय काढून टाकलेला रेडिओच होता. व्हॉल्व्हचा खप वाढावा म्हणून आरसीएसारख्या कंपन्या आपल्या पुस्तिकांत नमुन्याची सर्किटे छापत. अ‍ॅम्प बनवणारे तीच घेऊन त्यात आपल्या सोयीचे फेरफार करत.

लिओ फेंडर याच वातावरणात घडले. १९०९ साली फुलर्टनजवळ जन्मलेल्या लिओंना लहानपणीच्या आजारात एक डोळा गमवावा लागला. शिक्षण हिशेबनिशीचे आणि नोकरीही तीच. मंदीच्या काळात ती गेली, तेव्हा ६०० डॉलर उसने घेऊन त्यांनी १९३८ मध्ये फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. तिथे रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि सभासमारंभाचे ध्वनिवर्धक यांच्याबरोबर गावातल्या वादकांचे बिघडलेले अ‍ॅम्पही येऊ लागले. कुठला भाग आधी जळतो, कुठे डाख सुटतो, आतला एखादा रेझिस्टन्स बदलण्यासाठी काय काय उचकटावे लागते, हे त्यांना ग्राहकांच्या तक्रारींतून पाठ झाले. १९४५ मध्ये डॉक कॉफमन यांच्याबरोबर त्यांनी हवाईयन गिटार आणि लहान अ‍ॅम्प बनवायला घेतले. १९४६ मध्ये स्वतःची फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी काढली. लिओंना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ते वादकांना नवा अ‍ॅम्प नेऊन वाजवायला देत, परत आल्यावर त्यांचे म्हणणे ऐकून घेत आणि सर्किट पुन्हा बदलत. इतका धीराने ऐकणारा कारखानदार वाद्यांच्या इतिहासात क्वचितच सापडतो.

त्यांच्या अ‍ॅम्पची आतली रचना पाहिली की दुरुस्तीवाल्याची नजर लगेच ओळखू येते. लाकडी पेटीच्या वरच्या भागात पत्र्याची चॅसी मोजक्या स्क्रूंवर टांगलेली. ते काढले की सगळा संसार हातात येतो. चॅसीच्या आत फायबरची एक लांब काळी पाटी, तिच्यावर पितळी डोळ्यांच्या दोन रांगा, आणि दोन डोळ्यांच्या मध्ये एकेक रेझिस्टन्स किंवा कंडेन्सर शिडीच्या पायरीसारखा आडवा बसवलेला. पाटीवरचे भाग साधारण त्याच क्रमाने येतात ज्या क्रमाने व्हॉल्व्ह पाठीमागे रांगेत उभे असतात, त्यामुळे सुराचा रस्ता बोटाने दाखवता येतो. कुठल्या खाचेत कुठला व्हॉल्व्ह बसतो याचा छापील कागद पेटीच्या आत चिकटवलेला असे. वीजपुरवठ्याचे मोठे कंडेन्सर चॅसीच्या बाहेरच्या अंगाला पत्र्याच्या वेगळ्या झाकणाखाली ठेवलेले, म्हणजे सर्वांत आधी म्हातारा होणारा भाग बदलायला बाकीच्या जोडणीला धक्का लावावा लागत नाही. ही जोडणी करणाऱ्या कामगारांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, त्यातही मेक्सिकन कुटुंबांतल्या बऱ्याच. पूर्ण झालेल्या चॅसीच्या आत कागदी चिकटपट्टीवर आपले नाव लिहून ठेवायची त्यांची पद्धत होती. साठ-सत्तर वर्षांनी झाकण काढणाऱ्याला आजही ते नाव वाचता येते.

१९५०च्या दशकातल्या फेंडर अ‍ॅम्पवर सामानाच्या बॅगांना लावतात तसले तिरप्या रेघांचे कापड असे. त्या काळातला दहा इंची चार स्पीकरांचा ‘बासमन’ हा बास गिटारसाठी काढलेला अ‍ॅम्प साध्या गिटारवाल्यांनीच जास्त उचलला. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये त्याचेच सर्किट समोर ठेवून ‘जेटीएम ४५’ तयार झाला आणि ब्रिटिश रॉकचा धारदार आवाज त्यातून निघाला. त्याआधी डार्टफर्डला डिक डेनी यांनी व्हॉक्स कंपनीसाठी ‘एसी १५’ आणि ‘एसी ३०’ बनवले होते. त्यांतला ईएल८४ हा व्हॉल्व्ह भारतीय घरांना अनोळखी नाही. फिलिप्स आणि मर्फीच्या कितीतरी रेडिओंत तोच बसवलेला असे आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तो तयारही होत होता. बीटल्सच्या मागे उभे असलेले अ‍ॅम्प आणि सांगली-सोलापूरच्या माजघरात फळीवर ठेवलेला रेडिओ यांच्या पोटात एकाच जातीची काच तापत होती.

रिव्हर्ब मात्र यांपैकी कशातच नव्हता. घुमाऱ्याची ओढ आधी लागली ती ध्वनिमुद्रणाला. कापडाने मढवलेल्या स्टुडिओत मुद्रित केलेला आवाज कोरडा वाटे. शिकागोत बिल पुटनम यांनी १९४७ मध्ये हार्मोनिकॅट्स या हार्मोनिका-त्रयीच्या मुद्रणासाठी स्टुडिओलगतच्या फरशीच्या स्वच्छतागृहाचा उपयोग केला. आत स्पीकर आणि मायक्रोफोन ठेवून तिथला घुमारा त्यांनी मूळ आवाजात मिसळला. मोठ्या स्टुडिओंनी मग खास घुमाऱ्याच्या खोल्या बांधल्या. १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने पोलादी पत्रा चौकटीत टांगून त्यालाच थरथरायला लावणारे यंत्र काढले. ते माणसापेक्षाही लांब आणि पाव टनाहून जड होते. वादकाला सोबत नेता येईल असा पर्याय इलिनॉयच्या केरो गावातल्या रे बट्स यांनी दिला होता. त्यांच्या ‘इकोसॉनिक’ अ‍ॅम्पमध्ये टेपचे वेटोळे फिरत असे. चेट अ‍ॅटकिन्स यांनी आणि एल्विस प्रेस्ली यांचे गिटारवादक स्कॉटी मूर यांनी तो वापरला. पण टेपमधून मिळतो तो प्रतिध्वनी, म्हणजे सुराची वेगळी ऐकू येणारी पुनरावृत्ती. घुमाऱ्यात शेकडो पुनरावृत्ती एकमेकींत मिसळून एकच धूसर शेपूट तयार होते, आणि टेपला ते साधत नाही.

ते साधले स्प्रिंगला, आणि स्प्रिंग आली टेलिफोनकडून. लांब पल्ल्याच्या तारांवर बोलणे थोडे उशिरा पोचते आणि दुसऱ्या टोकावरून त्याचा पडसाद परत येतो. या अडचणीचा अभ्यास प्रयोगशाळेत करायचा, तर शेकडो मैलांच्या तारेऐवजी तेवढाच विलंब करणारे काहीतरी टेबलावर हवे. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजने त्यासाठी गुंडाळलेली तार वापरली. स्प्रिंगमधून यांत्रिक लहर सावकाश जाते, म्हणून थोड्या जागेत बराच वेळ मावतो.

ही युक्ती लॉरेन्स हॅमंड यांनी उचलली. घड्याळे बनवणाऱ्या या शिकागोच्या संशोधकाने १९३५ मध्ये विजेचा ऑर्गन बाजारात आणला आणि चर्चना तो पाइप ऑर्गनपेक्षा कितीतरी स्वस्तात मिळू लागला. अडचण घरगुती गिऱ्हाइकांची होती. गालिचे आणि पडदे यांनी भरलेल्या दिवाणखान्यात ऑर्गन वाजवला की सूर बोट उचलताच मरत असे. चर्चच्या उंच कमानींमुळे येणारा भारदस्तपणा तिथे नव्हता. १९३०च्या दशकाच्या अखेरीस हॅमंडने ऑर्गनच्या स्पीकरपेटीत स्प्रिंगांचे यंत्र बसवले. ते चारेक फूट उंच होते आणि स्प्रिंगांचे हेलकावे आवरण्यासाठी त्यात तेलाने भरलेल्या नळ्या होत्या. एकाच जागी ठेवायच्या ऑर्गनला ते चालून गेले. नंतर गळ्यातल्या हारासारख्या लोंबत्या स्प्रिंगांचे सुटसुटीत यंत्र आले, पण ऑर्गनला धक्का लागला की स्प्रिंगा एकमेकींवर आदळत. १९६०च्या सुमारास हॅमंडचे अभियंते अ‍ॅलन यंग यांनी या दोन्ही अडचणी सोडवल्या. त्यांच्या रचनेला ‘टाइप ४’ म्हणतात आणि गिटारच्या जगात रिव्हर्ब म्हणून जे ओळखले जाते ते तीच रचना.

सुमारे १७ इंच लांब आणि साडेचार इंच रुंद अशा पोलादी पत्र्याच्या उघड्या पेटीत अ‍ॅल्युमिनियमची दुसरी चौकट चार कोपऱ्यांवर नाजूक स्प्रिंगांनी टांगलेली असते. हा धक्काशोषक झोपाळा. त्याच्या लांबीत दोन मुख्य स्प्रिंगा ताणलेल्या. प्रत्येक स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना तांदळाच्या दाण्याएवढे चुंबक असून ते वेटोळे गुंडाळलेल्या लोखंडी गाभ्याच्या फटीत अधांतरी राहतात. येणाऱ्या सुराने वेटोळ्यात चुंबकीय क्षेत्र उलटसुलट होते, चुंबक किंचित फिरतो आणि स्प्रिंगला पीळ बसतो. लहर पिळाची असते, लांबी-आखूडपणाची नव्हे. यंग यांच्या रचनेचे मर्म इथे आहे. प्रत्येक स्प्रिंग दोन तुकडे जोडून केलेली, एक उजवीकडे आणि दुसरा डावीकडे गुंडाळलेला, त्यामुळे बाहेरच्या धक्क्याचा परिणाम बराचसा आपसांत वजा होतो. दोन्ही स्प्रिंगांचा विलंब मुद्दाम वेगळा ठेवतात, एकीचा सुमारे ३३ आणि दुसरीचा सुमारे ४१ सहस्रांश सेकंद, म्हणजे दोघींचे पडसाद एकाच ठेक्यात पडत नाहीत. शिवाय स्प्रिंगमधून सगळे स्वर एकाच वेगाने जात नाहीत. खालचे आधी पोचतात, वरचे रेंगाळतात. खऱ्या सभागृहात असे घडत नाही. म्हणून तार जोरात छेडली की पाण्यात थेंब पडावा तसा ‘टुपुक’ आवाज उमटतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष होता; गिटारवाल्यांना तोच सर्वाधिक आवडला.

हॅमंडने हे यंत्र इतरांनाही विकायला सुरुवात केली आणि १९६१ पासून ते गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये दिसू लागले. अ‍ॅम्पेगचा ‘रिव्हर्बरॉकेट’ त्याच वर्षीचा. फेंडरने सुरुवातीला अ‍ॅम्पमध्ये न बसवता स्वतंत्र पेटी काढली. तिच्यात १२एटी७, ७०२५ आणि स्प्रिंगांना हाकण्यासाठी ६के६ हा शक्तीचा व्हॉल्व्ह होता, आणि वर तीन बटणे: स्प्रिंगांना किती जोर द्यायचा ते ‘ड्वेल’, घुमारा किती मिसळायचा ते ‘मिक्सर’, आणि ‘टोन’. ही पेटी गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये जोडतात, त्यामुळे घुमलेला सूर पुढे अ‍ॅम्पच्या सगळ्या टप्प्यांतून जातो. तिचा ओलाचिंब आवाज पुढच्या कुठल्याही अंतर्गत रिव्हर्बमध्ये पूर्णपणे उतरला नाही.

तिचे नाव झाले ते समुद्रकिनाऱ्यावर. न्यूपोर्ट बीचजवळच्या रेंडेव्हू बॉलरूममध्ये डिक डेल यांच्या कार्यक्रमांना हजारोंनी तरुण जमत, आणि त्या गर्दीला पुरेल असा आवाज काढताना त्यांचे अ‍ॅम्प आणि स्पीकर जळत. लिओ फेंडर यांनी त्यांच्यासाठी पंधरा इंची जेबीएल स्पीकरचा ‘शोमन’ घडवला. लाटांवर स्वार होणाऱ्यांच्या या संगीताला सर्फ म्हणतात, आणि रिव्हर्ब ही त्याची ओळख मानली जाते. प्रत्यक्षात डेल यांचे १९६१ चे पहिले गाजलेले मुद्रण रिव्हर्बविना आहे. स्प्रिंगांचा ओला आवाज सर्फमध्ये त्यानंतर मुरला. १९६३ मध्ये गाजलेल्या शँटेज या शाळकरी मुलांच्या बँडच्या ‘पाइपलाइन’मध्ये तो ठळक आहे.

रिव्हर्ब आत बसवलेला फेंडरचा पहिला अ‍ॅम्प १९६३ चा ‘व्हायब्रोव्हर्ब’. त्याच वर्षी काळ्या दर्शनी पट्टीचे अ‍ॅम्प आले आणि एबी७६३ या क्रमांकाचे सर्किट तयार झाले. त्याची काटकसर पाहण्यासारखी आहे. गिटारचा सूर पहिल्या व्हॉल्व्हमध्ये मोठा होऊन टोनच्या बटणांतून गेला की त्याला दोन फाटे फुटतात. एक वाट ३.३ मेगओहमच्या रेझिस्टन्समधून सरळ पुढे जाते. दुसरी ५०० पिकोफॅरडच्या लहान कंडेन्सरमधून. तो खर्जाला अडवतो, कारण खर्ज स्प्रिंगांत शिरला की नुसती गडगड होते. पुढे १२एटी७ या व्हॉल्व्हचे दोन्ही अर्धे भाग एकत्र जोडून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमार्फत स्प्रिंगांना हाकतात. महागड्या शक्तीच्या व्हॉल्व्हचे काम इथे साध्या व्हॉल्व्हकडून करून घेतले आहे. त्याला कष्ट पडतात, पण तो टिकतो. पेटीतून बाहेर पडणारा क्षीण सूर दुसऱ्या व्हॉल्व्हच्या अर्ध्या भागाने पुन्हा मोठा होतो आणि रिव्हर्बच्या बटणातून जाऊन सरळ वाटेला मिळतो. पुढे कंप देणारी सोय येते: निऑनचा बल्ब लुकलुकतो आणि त्यासमोरचा प्रकाशसंवेदी रेझिस्टन्स आवाज कमीजास्त करतो. फेंडरने तिला ‘व्हायब्रॅटो’ म्हटले, खरे तर ते ट्रेमोलो आहे. आणि त्यांच्याच गिटारवरची ‘ट्रेमोलो’ नावाची दांडी प्रत्यक्षात व्हायब्रॅटो देते. ही अदलाबदल आजतागायत रूढ आहे.

हे एकच सर्किट वेगवेगळ्या ताकदीच्या अंगांवर चढवले गेले. ‘ट्विन’मध्ये चार ६एल६ व्हॉल्व्ह, ८५ वॉट आणि सुमारे २९ किलो वजन, ‘डिलक्स’मध्ये दोन ६व्ही६ आणि २२ वॉट. ‘डिलक्स’चे ६व्ही६ तर उत्पादकाने घालून दिलेल्या मर्यादेपेक्षा बऱ्याच जास्त दाबावर, चारशे व्होल्टच्या वर चालवले आहेत. त्या काळचे अमेरिकन व्हॉल्व्ह ते सहन करत, आणि थोडा आवाज वाढवताच फुटणारा त्याचा गोड सूर याच ताणातून येतो. लहान क्लब आणि स्टुडिओ यांसाठी तोच सर्वांत जास्त वापरला गेला.

जानेवारी १९६५ मध्ये लिओंनी कंपनी सीबीएसला १.३ कोटी डॉलरना विकली. दर्जा दुसऱ्या दिवशी ढासळला ही समजूत खरी नाही. १९६७ पर्यंत तीच सर्किटे, त्याच हातांनी जोडली जात होती. १९६७च्या अखेरीपासून पट्टी रुपेरी झाली आणि मग शक्तीच्या व्हॉल्व्हच्या बायसची, म्हणजे जाळीवरच्या ऋण दाबाची, रचना बदलणे, सूर स्वच्छ राहावा म्हणून जादा कंडेन्सर घालणे असे फेरफार सुरू झाले. रुपेरी पट्टीच्या अ‍ॅम्पमधले हे बदल काढून जुने सर्किट परत आणणे हे पुढे दुरुस्तीवाल्यांचे ठरलेले काम झाले. १९६६ मध्ये आणलेली ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पची मालिका मात्र खरोखर फसली आणि काही वर्षांत बंद पडली. ट्रान्झिस्टर मर्यादेपलीकडे गेला की सूर चिरकतो. व्हॉल्व्ह हळूहळू दबतो, आणि वादकाचे बोट त्या दबण्याशी खेळू शकते. रेडिओ आणि टीव्हीतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले तरी गिटारवाल्यांनी ते सोडले नाहीत, याचे कारण एवढेच. सॅन फ्रान्सिस्को परिसरात रँडल स्मिथ यांनी लहानशा ‘प्रिन्स्टन’मध्ये मोठ्या अ‍ॅम्पचे सर्किट आणि बारा इंची स्पीकर कोंबला, आणि त्यातून मेसा बूगी ही कंपनी निघाली. दुरुस्तीच्या टेबलावरून कारखाना उभा राहण्याची ही दुसरी वेळ.

जुन्या अ‍ॅम्पची दुरुस्ती हा १९८०-९०च्या दशकांत स्वतंत्र धंदा झाला. त्याआधी हे अ‍ॅम्प नुसते जुने होते; नंतर ते मौल्यवान ठरले, आणि ओळख पटवणे हा दुरुस्तीचाच भाग बनला. पेटीतल्या छापील कागदावर उमटवलेली दोन अक्षरे वर्ष आणि महिना सांगतात: पहिले अक्षर १९५१ पासून मोजायचे, दुसरे जानेवारीपासून. म्हणजे ‘एनसी’ हा मार्च १९६४. ट्रान्सफॉर्मरवरचा ६०६ हा आकडा शूमाकर कंपनीचा, स्पीकरवरचा २२० जेन्सनचा आणि ४६५ ऑक्सफर्डचा. त्यांच्यापुढचे आकडे वर्ष आणि आठवडा दाखवतात. एखाद्या भागाचा आकडा पेटीच्या तारखेच्या पुढचा निघाला, की तो नंतर बदललेला आहे हे कळते.

प्रत्यक्ष कामात पहिली गोष्ट जिवाची. प्लग काढल्यावरही कंडेन्सरांत चारशे व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते, म्हणून रेझिस्टन्सने ती उतरवून आणि मीटरने खात्री करूनच हात घालतात. साठच्या दशकातल्या अमेरिकन अ‍ॅम्पला दोनच तारांची वायर असे आणि हमिंग कमी करण्यासाठी विजेची एक तार कंडेन्सरमार्फत चॅसीला जोडलेली असे. तो कंडेन्सर शॉर्ट झाला तर सगळी वीज चॅसीतून गिटारच्या तारांवर येते. दुरुस्तीवाले त्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात. तो काढून अर्थिंगची तीन तारांची वायर लावणे हा पहिला फेरफार, आणि मूळपणाचा कितीही आग्रह असला तरी त्यात तडजोड होऊ नये. भारतात असा अ‍ॅम्प आणला तर २३०चे ११७ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला आतला ट्रान्सफॉर्मर इथल्या ५० हर्ट्झवर जरा जास्त तापतो, तेही लक्षात ठेवावे लागते.

बरीच वर्षे बंद असलेला अ‍ॅम्प थेट चालू करत नाहीत. आपल्याकडचे रेडिओ मेकॅनिक वापरत तसा सिरीज बल्ब मध्ये घालतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. वीजपुरवठ्याचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वीस-पंचवीस वर्षांत सुकतात, ते सगळेच बदलतात. कार्बनचे रेझिस्टन्स वयाबरोबर वाढत जातात आणि चुरचुर करू लागतात. जे मर्यादेबाहेर गेले तेवढेच बदलणे शहाणपणाचे. सुरांचे निळे कंडेन्सर बहुधा ठीक असतात, आणि नुसत्या संशयावरून ते उपटून टाकणाऱ्यांनी अनेक चांगल्या अ‍ॅम्पचा आवाज घालवला आहे. फायबरची पाटी दमट हवेत ओल शोषते आणि तिच्यातूनच वीज झिरपू लागते, मग ती गरम हवेने वाळवावी लागते. नवे शक्तीचे व्हॉल्व्ह बसवले की त्यांचा बायस पुन्हा जुळवतात. तो कमी पडला तर पट्ट्या लाल होतात.

रिव्हर्ब बंद पडला की बहुतेक वेळा दोष साधा निघतो. आधी पायाने दाबायच्या स्विचची वायर आणि पेटीला जोडणारे प्लग तपासतात, मग १२एटी७ बदलून पाहतात. त्यानंतर मीटर. फेंडरच्या ४एबी३सी१बी या पेटीच्या येणाऱ्या बाजूला एक ओहमच्या आसपास आणि जाणाऱ्या बाजूला दोनशेच्या आसपास रोध दिसला पाहिजे. काहीच दिसले नाही तर वेटोळ्याकडून प्लगकडे जाणारी केसाएवढी तार तुटलेली असते, आणि भिंगाखाली एका डाखाने पेटी जिवंत होते. क्रमांकातली अक्षरेही महत्त्वाची: ‘ए’ म्हणजे येणाऱ्या बाजूचे ८ ओहम, ‘बी’ म्हणजे जाणाऱ्या बाजूचे २,२५०, ‘३’ म्हणजे लांब घुमारा, आणि शेवटचा ‘बी’ म्हणजे उघडे तोंड खाली करून आडवी बसवायची. हुबेहूब दिसणारी पण वेगळ्या क्रमांकाची पेटी लावली तर घुमारा येतच नाही किंवा फाटतो. पेटी उलटी फिरवून बसवली की तिचे संवेदनशील टोक वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरखाली येते आणि बटण वाढवताच हमिंग वाढते; दिशा बदलली की ते जाते.

हॅमंडचा पेटीचा व्यवसाय पुढे अ‍ॅक्युट्रॉनिक्स या नावाने इलिनॉयमध्ये चालला आणि २००९ मध्ये कोरियाला गेला. आता चीनमध्येही या पेट्या बनतात. फेंडरने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ट्विन रिव्हर्ब’ची नवी आवृत्ती काढली. सर्किट जुनेच, पण जोडणी छापील पाटीवर. तिथे डोळ्यांच्या रांगा नाहीत, आणि एक भाग बदलताना तांब्याची पट्टी उचकटण्याची धास्ती असते. जुन्या पद्धतीची हाताने जोडणी करणारे छोटे कारखाने याच कारणाने टिकून आहेत. व्हॉल्व्ह आज मुख्यतः स्लोव्हाकियातल्या चाड्त्सा, रशियातल्या साराटोव्ह आणि चीनमधल्या कारखान्यांतून येतात. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंधनांची बातमी आली, तेव्हा दुकानांतले ६व्ही६ आणि १२एएक्स७ यांचे साठे झपाट्याने संपू लागले. दुरुस्तीवाल्यांनी मग जुन्या रेडिओंतून काढून ठेवलेले व्हॉल्व्ह एकेक तपासून वापरात आणले.